मागे काही न ठेवता

घरं विकणाऱ्या आणि घेणाऱ्या माणसांचे कागद करणं हा माझा धंदा. कोर्टात उभं राहून आवाज चढवणारी वकील मी नव्हे. माझी वकिली टेबलाशी बसून चालते. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं आणि सगळ्यांत जास्त हक्कसोडपत्रं. आईवडिलांच्या घरातला आपला वाटा एखादं भावंड दुसऱ्याच्या नावे सोडून देतं, त्याचा हा कागद. दिसायला साधा. पण तो कच्चा राहिला तर काही वर्षांनी तेच भावंड, नाहीतर त्याची मुलं, दावा लावतात आणि ते घर विकत घेणारा मधल्या मध्ये भरडला जातो.

माझा कागद कच्चा नसतो. त्यात माझं स्वतःचं एक कलम असतं. ते मी कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही, लोकांची भांडणं बघून बघून घासूनपुसून तयार केलं आहे. सोडणाऱ्याचा त्या घराशी पूर्वी होता, आज आहे आणि पुढे उद्भवू शकेल तो सगळा संबंध मागे काही न ठेवता घेणाऱ्याकडे जातो, असा त्याचा मथितार्थ. "बाई, तुमच्या कलमातून मुंगीसुद्धा परत यायची नाही," असं आमच्यातले बाकीचे वकील म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं. माझ्या हक्कसोडपत्रावर आजवर एकही दावा उभा राहिलेला नाही.

म्हणून दादाने मलाच सांगितलं, यात मला वावगं काही वाटलं नाही.

दादा माझ्याहून मोठा. त्याने लग्न केलं नाही. बाबा गेल्यावर तो आणि आई त्या घरात राहत होते. मी आणि माझा नवरा नदीपलीकडे राहतो. घर बाबांनी बांधलेलं, दोन मजली आणि अरुंद. खाली सुताराचा कारखाना भाड्याने, वर तीन खोल्या. जिना आतून, लाकडी, मध्ये एक वळण. पूर्वेला सार्वजनिक गल्ली, पश्चिमेला शेजाऱ्याची सामाईक भिंत, दक्षिणेला मोकळी जागा, उत्तरेला स्वयंपाकघराची खिडकी आणि खाली उघडी नाली.

"छपराचं काम काढायचंय," दादा माझ्या ऑफिसात येऊन म्हणाला. "बँक म्हणते, घरात न राहणाऱ्याचं नाव कमी करून आणा. तुझं तेवढं करून टाक. औपचारिकता आहे गं नुसती."

"आई आहे तोवर घर विकायचं नाही हं," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? घर तुझंच आहे."

मी साधा छापील नमुना काढला. त्याने तो बोटाने बाजूला सारला.

"हे नको. तुझं ते कलम घाल. उद्या कुणी म्हणायला नको, बहिणीने भावाचं काम कच्चं केलं."

मला बरं वाटलं. मोठ्या भावाने धाकट्या बहिणीच्या कामाचं कौतुक करावं, असे प्रसंग आमच्याकडे फारसे येत नसत. परक्या अशिलाला मी नेहमी विचारते, का सोडताय, समोरचा पुढे काय करणार आहे, कागद घरी नेऊन पुन्हा वाचलात का. यांतलं काहीही मी स्वतःला विचारलं नाही. सख्ख्या भावाला काय विचारायचं?

नोंदणी कार्यालयात माझा फोटो काढला, अंगठा घेतला. नोंदणी अधिकारी बाई माझ्या रोजच्या ओळखीच्या, चष्म्याला साखळी लावणाऱ्या. त्या हसल्या. "तुम्हालाही विचारावं लागणार. स्वखुशीने?" मीही हसले. "स्वखुशीने." दादाने बाहेर मला कॉफी पाजली आणि बिल स्वतः भरलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, असं माझा नवरा म्हणतो.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही तिघं आईच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. खाली कारखाना बंद होता, तरी भुशाचा वास वर येत होता. दादा खुशीत होता. तो आईला म्हणाला, "आई, तुला आठवतं, मी या खिडकीच्या कट्ट्यावरून पडलो होतो ते?"

"न आठवून कसं चालेल! सगळी फरशी लाल."

"आणि बाबांनी मला पंच्यात गुंडाळून उचललं आणि धावत सुटले. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. वाटभर मला म्हणत होते, माझ्याकडे बघ, रक्ताकडे बघू नको, माझ्याकडे बघ."

मी हसायला लागले. "दादा, चोरी पकडली. कट्ट्यावरून मी पडले होते. तू शाळेत होतास."

पाहुण्याने काहीतरी भलतंच बोलावं आणि घरच्यांनी ते पदरात झाकून घ्यावं, तसं आईने माझ्याकडे पाहिलं.

"तू कुठे होतीस तेव्हा?" ती सावकाश म्हणाली. "हाच पडला होता गं. टाके पडले होते की."

दादाने हनुवटी वर केली. खालच्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ होती. मी ती त्याच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिली नव्हती, पण भावाच्या हनुवटीखाली कोण बघत बसतं? दाढी करताना कापलं असेल. मी जेवण उरकलं.

दोन दिवसांनी माझा नवरा दाढीचा फेस तोंडाला लावून आरशासमोर उभा होता, मी शेजारी केस बांधत होते. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि घरातही सगळ्याचा नकाशा करत असतो.

"हनुवटीला काय लावतेस हल्ली?" त्याने विचारलं. "ती खूण गेली की तुझी. आता तू हरवलीस तर पोलिसांना ओळख काय सांगू?"

मी आरशाजवळ गेले. बोट फिरवून पाहिलं. कातडी गुळगुळीत होती. वय वाढलं की जुने व्रण मावळतात, असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, वय वाढलं की डोंगरही झिजतात, पण एका महिन्यात नाही. मला हसू आलं नाही.

पुढच्या खेपेला मी आईकडे गेले तेव्हा जिन्याच्या वळणावर ठेचकाळले. तिथली एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, हे तो जिना रोज चढणाऱ्याला ठाऊक असतं. माझ्या पायाला ते ठाऊक नव्हतं. वरच्या खोलीत शिरताना मी दिव्याचं बटण डाव्या भिंतीवर चाचपलं आणि ते उजवीकडे निघालं. मी त्या अंधारात तशीच उभी राहिले आणि मुद्दाम आठवायला लागले. माझी कॉट कुठे असायची? भिंतींचा पहिला रंग कोणता? बाबा संध्याकाळी कुठल्या खुर्चीत बसायचे?

माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट आली. पूर्वेला सार्वजनिक गल्ली, पश्चिमेला सामाईक भिंत. हक्कसोडपत्राच्या परिशिष्टात मी स्वतः टाइप केलेलं मिळकतीचं वर्णन. वर मी घराबद्दल जे लिहिलं आहे, तेही त्यातलंच आहे. माझ्याजवळ तेवढंच उरलेलं होतं. पडल्याची गोष्टसुद्धा मला आठवत होती असं म्हणता येत नाही. ती मी लग्नाआधी नवऱ्याला सांगितली होती आणि त्याने ती मला परत सांगितली. एखाद्या अशिलाची हकीकत माहीत असावी, तशी ती मला माहीत होती.

'अगं बाई' करत, गुडघा जपत आई आतून आली. "तुम्ही कधी आलात? अंधारात का उभ्या?"

मला वाटलं, अंधारात तिने ओळखलं नसेल. मी दिवा लावला.

"बसा ना," आई म्हणाली. "चहात साखर किती घेता?"

आई म्हातारी झाली होती, पण तिचं डोकं माझ्याहून तल्लख होतं. भाजीवाल्याचा हिशोब ती तोंडी करायची आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं शाईने सोडवायची. तरी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला सांगितलं. आईने सगळं चोख केलं आणि वर डॉक्टरांच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडल्याचं त्यांना दाखवून दिलं.

"मुलं किती, आजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकच. मुलगा." मग माझ्या हातावर हात ठेवून ती प्रेमाने म्हणाली, "या बाई फार चांगल्या आहेत हो. कोण कुणासाठी एवढं करतं!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. डॉक्टरांसमोर रडायची मला लाज वाटत होती.

त्या संध्याकाळी मी ऑफिसात बसून एका जुन्या अशील बाईंना फोन लावला. त्या केकचं दुकान चालवतात. काही वर्षांपूर्वी माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी माहेरच्या घरावरचा हक्क भावाच्या नावे सोडला होता. सही करताना त्या इतक्या रडल्या होत्या की कागद भिजेल म्हणून मी तो उचलून धरला होता.

"सहज फोन केला," मी म्हणाले. "माहेरी जाणं होतं का?"

"कुणाच्या?"

"तुमच्या."

"मला माहेर नाही, बाई," त्या मोकळेपणाने म्हणाल्या. मागे भट्टीचा पंखा घरघरत होता. "कधी नव्हतंच."

"तुमचे भाऊ..."

"भाऊ? तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मी एकटीच. नाव काय म्हणालात तुमचं?"

मी फोन ठेवला. घरच्या भांडणाने माणूस कडू होतो आणि नाती तोडून टाकतो, असं मी स्वतःला समजावलं. पण त्यांच्या आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता. माझ्या हक्कसोडपत्रांवर कुणी दावा का लावत नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला आणि मी तो तिथेच सोडून घरी निघाले.

याच सुमारास मला एका वकिलाचा फोन आला. माझ्याच धंद्यातला, बडबड्या माणूस.

"बाई, अभिनंदन! घराला गिऱ्हाईक झकास मिळालं की तुमच्या. मी खरेदीदाराकडून आहे. मालकी निर्वेध आहे का, कुणाचा दावा नाही ना, बघायला बसलो, तर तुमच्याच हातचं हक्कसोडपत्र! म्हटलं, मग बघायचं काय डोंबल."

"कुठलं घर?" मी विचारलं, आणि माझाच आवाज मला केकवाल्या बाईंसारखा वाटला.

"अहो, सुताराच्या कारखान्यावरचं. तुमच्या बंधूंचं. आता आईंचं तेवढं हक्कसोडपत्र झालं की खरेदीखत. ते म्हणत होते, तुमचाच मसुदा वापरणार."

छप्पर नव्हतं, बँक नव्हती. सख्ख्या भावाने माझा केसाने गळा कापला होता, आणि तो केस मीच पिळून, गाठी तपासून त्याच्या हातात दिला होता. मला इतका संताप आला की मी ऑफिसला कुलूप न लावताच निघाले.

दादा वरच्या खोलीत खोकी बांधत होता. आई स्वयंपाकघरात शब्दकोडं सोडवत होती. मी दार लोटून घेतलं.

"खोटं बोललास माझ्याशी."

"थोडंसं," दादा म्हणाला. तो शांत होता. तो इतका शांत आणि भरल्या पोटी असल्यासारखा मला कधी दिसला नव्हता.

"घर विकायचं नाही असं ठरलं होतं."

"भिंती घेऊन काय करू गं मी? मला भिंती नकोच होत्या." त्याने सुतळीची गाठ मारली. "तुला माहीतच नाही, या घरात मी कसा राहिलो ते. बाबा तुला खांद्यावर घेऊन हिंडायचे. मी मागून पिशवी घेऊन चालायचो. वर्षानुवर्षं. मला त्यांची पाठच आठवायची, दुसरं काही नाही."

"दादा..."

"आता मला खांद्यावरून दिसतं," तो म्हणाला. "सगळी गल्ली. लोकांची डोकी. त्यांच्या केसांना तेलाचा वास यायचा. मी त्यांचे कान धरून बसतो."

त्याचे डोळे भरून आले होते. क्षणभर मला त्याची दया आली. मग बाबांच्या केसांचा वास आठवायचा मी प्रयत्न केला आणि हाताला काहीच लागलं नाही.

"तुला आधीपासून ठाऊक होतं?"

तो खोक्यावर दुसरी सुतळी गुंडाळत राहिला.

"माझं मला परत दे," मी म्हणाले.

"कसं देणार? तुझ्या कलमात परत यायची वाट कुठे ठेवलीयस?"

"आणि आईचं काय? तिचं का घेतोयस?"

त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटल्यासारखा त्याने आवंढा गिळला.

"आईचं तर सगळ्यांत जास्त आहे," तो म्हणाला.

आईच्या नोंदणीच्या दिवशी मी कार्यालय उघडायच्या आधी जाऊन बाकावर बसले. मी नवऱ्याला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? बाकाच्या पाठीवर खिळ्याने नावं कोरलेली होती, भिंतीला अंगठे पुसल्याचे जांभळे डाग होते. ते दोघं आले. दादाने आईचा हात धरला होता. आई नव्या साडीत होती आणि मला बघून ओळखीचं हसली.

"तुम्ही इथेसुद्धा? बरं झालं, सोबत झाली."

"आई, सही करू नका," मी म्हणाले. तिला मी आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो केलं. तिचं माझ्याशी तसं बोलणं ऐकून ऐकून माझ्याही तोंडात ते बसलं होतं.

"अहो, मुलालाच देतेय," आई म्हणाली. "परक्याला थोडंच?"

आत त्यांचा पुकारा झाला. मी पाठोपाठ गेले आणि टेबलासमोर उभी राहिले. साखळीच्या चष्म्याच्या अधिकारी बाईंनी वर पाहिलं.

"माझी हरकत आहे," मी म्हणाले.

"कशावर?"

"या दस्तावर. यांना कळत नाहीये, त्या काय सोडतायत."

बाई आईकडे वळल्या. आईने स्वतःचं नाव सांगितलं, पत्ता सांगितला, मिळकतीचं वर्णन न चुकता सांगितलं, कागद दोनदा वाचल्याचं सांगितलं. वर एका ओळीतली टायपिंगची चूकही दाखवली.

"यांना चांगलं कळतंय," अधिकारी बाई म्हणाल्या. "तुमचा या मिळकतीत काही हक्क?"

मी टेबलावरच्या दस्ताकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही वकील आहात. मी काय विचारतेय ते तुम्हाला माहीत आहे. हक्क आहे का?"

"नाही."

"यांच्याशी नातं?"

"मी मुलगी आहे यांची."

अधिकारी बाईंनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी खरी, इतकी मनापासूनची काळजी होती की मला ओरडावंसं वाटलं.

"यांची आई नाहीये का हो?" तिने हळूच दादाला विचारलं. "बिचारी."

दादाने दस्त अधिकारी बाईंपुढे सरकवला.

"स्वखुशीने?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"स्वखुशीने," आई म्हणाली.

कॅमेरा चमकला.

आईने अंगठा पुढे केला.

कारकुनाने तो शाईवर दाबला आणि मग कागदावर.

आईने कापडाने अंगठा पुसला. नीट पुसला गेला नाही म्हणून पुन्हा पुसला. मग तिने अंगठ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिघांकडे सारखंच. गाडीत समोर बसलेल्या प्रवाशांकडे बघावं तसं.

"इथून बाहेर कसं जायचं?" तिने विचारलं.

"या बाई सोडतील तुम्हाला," दादा म्हणाला.

तो खुर्चीतून उठला. उठताना त्याने एक हात कमरेवर ठेवला, दुसरा टेबलावर टेकला आणि 'अगं बाई' म्हणून श्वास सोडला. मग तो सावकाश, गुडघा जपत, दाराबाहेर गेला. मागे वळून पाहिलं नाही.

मी आईला घरी आणलं. दुसरं कुठे नेणार होते? घर विकलं गेलं. खरेदीखत माझ्या हातून झालं नाही, पण त्यात खोड काढायला जागा नाही, हे मी न बघता सांगू शकते. हक्कसोडपत्रं मी आता करत नाही. लोक कारण विचारतात तेव्हा वेळ नाही म्हणते.

आई आमच्या मागच्या खोलीत राहते. तिचा कुणाला काही त्रास नाही. खुर्चीत बसायच्या आधी ती रोज विचारते, "इथे बसलं तर चालेल?" माझा नवरा तिला आई म्हणून हाक मारतो तेव्हा ती संकोचून हसते. "मला मूलबाळ नाही हो," ती सांगते, "पण म्हणा, ऐकायला छान वाटतं." शब्दकोडं ती अजून शाईने सोडवते. मला वाटतं, तिला दुःख नाही. जे काही आहे ते सगळं माझ्या वाट्याला आलं आहे, आणि तेसुद्धा झिरपून कमी होत चाललंय. कधी कधी सकाळी ती खोलीतून बाहेर येते आणि ही कोण, हे मला क्षणभर कळत नाही. मग मी घाईघाईने स्वतःला बजावते.

दादाचे फोन येत होते. मी उचलत नव्हते. तोंड बघायची इच्छा नव्हती तर आवाज कशाला ऐकू? त्याने घात केला तो केला, वर फोन करायचा निर्लज्जपणा. नवरा म्हणाला, नंबर बंदच करून टाक. मी म्हणाले, करते.

काल संध्याकाळी नवरा शाळेतून यायचा होता. आई मागच्या खोलीत होती. फोन अनोळखी नंबरवरून आला, म्हणून मी उचलला.

"आवाज बसलाय तुझा," दादा म्हणाला. "गुळण्या करतेस का मिठाच्या पाण्याने? करत नसशील. ऐकशील तर शपथ."

आवाज त्याचाच होता, जाड, पुरुषी. पण बोलणं त्याचं नव्हतं. शब्द ओढायची लकब, वाक्याच्या शेवटी चढणारा तो सूर. मी फोन ठेवायला हवा होता.

"दादा, पुन्हा फोन करू नकोस."

"रागाव, रागाव. पहिल्यापासून तशीच. पोटात होतीस तेव्हासुद्धा लाथा मारायचीस. तुझ्या वेळी मला फार त्रास झाला गं. तुझा दादा पटकन झाला होता, काही कळलंसुद्धा नाही. पण तू आडवी बसलीस. पहाटे कळा सुरू झाल्या त्या उजाडलं तरी थांबेनात. खालचा सुतार करवत चालवत होता. ह्यांनी त्याला जाऊन सांगितलं, बाबा रे, आज नको. मग सगळं शांत झालं. त्या शांततेत तू आलीस. रडली नाहीस. मी घाबरले. मी म्हटलं, हिला माझ्याकडे द्या."

त्याचा आवाज दाटून आला. मी खुर्ची ओढली आणि खाली बसले. आईने हे मला कधी सांगितलं होतं का? मला आठवत नव्हतं. सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

"मग?" मी म्हणाले.

"मग तुला छातीवर ठेवलं. एवढीशी. मूठ घट्ट मिटलेली. मी ती बोटाने उघडली, तर तू माझं बोट धरलंस आणि..."

मागच्या खोलीचं दार किंचित उघडलं. आई बाहेर डोकावली, हातात पेन.

"कुणाचा फोन?" तिने विचारलं. "तुम्ही रडताय का?"

"आईचा," मी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. "मग बोला सावकाश," ती म्हणाली, आणि मला त्रास होऊ नये म्हणून तिने दार आवाज न करता लावून घेतलं.